चहा बावीस कप, पानं अडीच

'मी लेखक कसा झालो' असं प्रकरण उघडलं का वाचणारा आधी रुमाल काढून बसते. आता गरिबी येईल, मग रस्त्यावरचा दिवा येईल, दिव्याखाली तुटक्या चपलीचा पोट्टा येईल, अन् शेवटी एक थोर गुरुजी त्याच्या पाठीवर हात ठेवतील. रुमाल खिशात ठेवा. मी लिहायले बसलो तेव्हा माझं पोट टम्म भरलेलं होतं, डोक्यावर पंखा फिरून राहिला होता, अन् पाठीवर हात पडला तो माझ्या मावशीचा. तोही ठेवलेला नाही, हाणलेला. आठवणी लिहायचं तुझं वय झालं नाही, असं मावशी आजही म्हणते. पण तिशी ओलांडली, गुडघा वाजते, गल्लीतले पोट्टे मले 'काका' म्हणून राहिले. म्हातारपण याच्याहून आणखी काय असते?

मी पारशिवनीचा. बाबांची तिथं पिठाची चक्की. चक्कीचा पट्टा सुरू होते तेव्हा आधी हुंकारते, मग शिट्टी मारते, मग एका सुरात लागते. हा आवाज मी चौथीत असतानाच तोंडानं काढत होतो, अन् इतका बरोब्बर का आई घरातून गव्हाचा डब्बा घेऊन निघायची अन् चक्की बंद पाहून मले शोधत यायची. पुढं हेडमास्तर जमला. त्याच्या आवाजात मी पडद्याआडून शाळेले दोनदा सुट्टी दिली. मग कंडक्टर, ग्रामसेवक, नळावरच्या बाया, सगळे जमले. कॉलेज झाल्यावर नागपूरले एका स्पर्धेत गेलो. तिथं देशकर सर म्हणून एक होते, एक लहानसा हॉल चालवत. लोक हसून हसून लोळले, सर मात्र शेवटी मले बाजूले घेऊन म्हणाले, "आवाज साऱ्या गावाचे आहेत तुझ्याजवळ, पण बोलणं तुझं एकही नाही. ऐकलेलंच परत फेकून राहिला तू. तासाभराचं स्वतःचं लिहून आण. वही दाखव, मी हॉलची एक संध्याकाळ तुले देतो." बाबांले हे सांगतलं. बाबा म्हणाले, "संक्रांतीपर्यंत लिही. नाही झालं तं पट्टा तुझी वाट पाहूनच राहिला." असा मी एका पिशवीत चार कपडे अन् दोनशे पानी वही घेऊन कुंदामावशीकडे नागपूरले आलो.

मावशीचं घर नरेंद्रनगरात, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या अन् किचन. मावसाजी बल्लारशाले नोकरीवर, महिन्यातून दोनदा येत. घरात मावशी, तिची पोरगी पल्लवी, अन् आता मी. मावशी धंतोलीतल्या एका दवाखान्यात सिस्टर-इन्चार्ज. सकाळी सहाले तिची स्कूटी सुरू होत नसे; ती आधी स्कूटीले दोन शब्द बोले, मग होई. सारा विदर्भ तिच्या वॉर्डात निजून गेलेला, त्यामुळे तिले गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंतच्या सगळ्या बोल्या समजत, अन् सगळ्या बोल्यांतले बहाणे बी. पल्लवी मिहानमध्ये कॉम्प्युटरच्या कंपनीत. अर्धे दिवस घरूनच काम करे. बंद दाराआडून तिच्या मॅनेजरचा आवाज येई, "टीम, लेट्स अलाइन," अन् मी किचनमधून त्याच आवाजात "टीम, पोहे अलाइन झाले" म्हटलं का आतून उशी येई. पोह्यांवर मावशीची तर्री. ती मसाला भाजायले बसली का खालच्या मजल्यावरचे लोक खोकत खोकत वर येत, अन् वाटी घेऊन खाली जात. टीव्हीच्या वर बुद्धाची मूर्ती, अन् मूर्तीशेजारी मावशीच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा फोटो. आजोबांनी दीक्षा घेतली अन् मग ते चाळिशी उलटल्यावर पाटीवर सही शिकले. फोटोखाली त्यांची ती सही चिकटवलेली होती. चार अक्षरं, चार दिशांले तोंडं. ही सही ध्यानात ठेवा, पुढं ती माझ्या अंगावर येणार आहे.

पहिला आठवडा मी नुसता बसलो. वही उघडे, पेनाचं टोपण काढे, टोपण लावे. पल्लवीनं पाहिलं अन् माझ्या मोबाईलमध्ये एक अॅप टाकून दिलं. रोज किती शब्द लिहिले ते त्यात भरायचं, भरलं का हिरवी चौकट येते, सात हिरव्या झाल्या का फटाके फुटतात. "आमच्या ऑफिसात असंच चालते," ती म्हणे. "टार्गेट डोळ्यासमोर पाह्यजे." दोन दिवसांत मले कळलं का अॅपले वाचता येत नाही. मी त्यात चक्कीचा आवाज लिहिला, 'घर्र घर्र घर्र', पाचशे वेळा. हिरवी चौकट आली. सातव्या दिवशी फटाके फुटले, ते मावशीनं ऐकले अन् मोबाईल हातात घेऊन पाहिला. दुसऱ्या दिवशी वॉर्डातला एक छापील कागद घेऊन आली अन् गॅसच्या बाजूले, फ्रिजवर चिकटवला.

हा तिचा इनटेक-आउटपुट चार्ट. दवाखान्यात ज्याची तब्येत नाजूक असते त्याच्या खाटेले हा लटकते: पेशंटच्या आत किती पाणी गेलं, बाहेर किती आलं, तासातासाले लिहायचं, खाली सही करायची. मावशीनं पेशंटच्या नावापुढं 'निखिल' लिहिलं. आत: चहा, पोहे, पोळ्या, मोबाईल. बाहेर: पानं. रोज आपल्या हातानं भरायचं. रविवारी जेवण झालं का हिशेब, मग आठवड्याचं लिहिलेलं सगळ्यांसमोर वाचायचं, अन् मग मावशी बाबांले फोन करून आकडा कळवेल. "भाऊजीले मी शब्द दिला आहे," ती म्हणाली. "पोट्टा लिहून राहिला का नाही हे मी सांगीन, अन् खरं सांगीन." पहिल्या रविवारी तिनं चार्ट काढला, चष्मा लावला, अन् राउंडवरच्या डॉक्टरच्या तोऱ्यात वाचलं, "चहा बावीस कप. पानं अडीच. अरे, आत इतकं जाऊन बाहेर येऊन नाही राहिलं तं पेशंट सुजते." पल्लवी म्हणे, "आई, सुजलाच आहे, गाल पाह्य त्याचे." पण ती अडीच पानं खरी होती. दुसऱ्या आठवड्यात साडेचार झाली. चक्कीवर येणारी शेवंताबाई होती त्यात. दर खेपेले आपलं पीठ कमी आलं म्हणून भांडे, अन् भांडता भांडता दुसऱ्याच्या डब्यातून मूठभर पीठ आपल्या डब्यात टाके. मी वाचलं तं मावशीच्या हातातलं हाडूक ताटात पडलं. रविवारी मटण असे, तेही सांगून ठेवतो.

सात पानं झाली अन् मले वाटलं, जमलं. एकदा जमलं वाटलं का माणूस चहाच्या टपरीवर जाते. तिथं मी पोट्ट्यांसमोर मेट्रोची बाई काढे, "कृपया दरवाजांपासून दूर राहा," अन् तिच्याच गोड आवाजात टपरीवाल्याची उधारी सांगे. पोट्टे टाळ्या देत. लिहून टाळी कधी वाजत नाही, हे लिहिणाऱ्याचं मोठं दुःख आहे. तिसऱ्या आठवड्यात मी एक ओळ लिहिली नाही. रविवार उजाडला. मावशी मटणाच्या दुकानासमोर लाइनीत उभी राहायले गेली, पल्लवी झोपलेली. मी चार्टसमोर उभा राहिलो अन् सोमवारपासून शनिवारपर्यंत भरून टाकला: तीन पानं, दोन, चार, तीन, दोन, चार. एकूण अठरा. प्रत्येक खान्याखाली सही. लपेटेदार.

जेवणं झाली. "वाच," मावशी म्हणाली. मी वही उघडली, कोऱ्या पानावर नजर ठेवली, अन् सुरू झालो. शेवंताबाईचा पुढचा भाग! तिले चक्कीवर रंगेहाथ पकडते कोण, तं तिचीच सून, अन् सासू-सून दोघी पांढऱ्याफेक होऊन भांडतात. बोलता बोलता सुचून राहिलं होतं, अन् तोंड काही अडखळत नव्हतं. बरोब्बर वेळेवर पान उलटत होतो. एका ठिकाणी तं मी थांबलो, वही डोळ्याजवळ नेली, अन् म्हटलं, "थांबा, इथं अक्षर लागून नाही राहिलं." इतकं बेमालूम काम मी त्यानंतर स्टेजवरही केलं नाही. पल्लवी डोळे पुसून राहिली होती. मावशीनं तिथंच फोन लावला. चक्कीच्या आवाजानं बाबांचे कान वर्षानुवर्षं मंदावत चाललेले, त्यामुळे ती ओरडून बोले, "जयभीम भाऊजी! अठरा पानं! अठरा!" खालच्या मजल्यापर्यंत माझी प्रगती कळली. तिकडे बाबा चक्कीवर येईल त्याले सांगू लागले, पोरगा पुस्तक लिहून राहिला.

मग चटकच लागली. पाच रविवार मी कोऱ्या वहीतून वाचलं. सोळा पानं लिहिली, एकवीस लिहिली, एकदा लाज वाटली म्हणून बारा लिहिली. मजा सांगू का, त्या दुपारी मी जे बोललो ते आजच्या माझ्या कार्यक्रमापेक्षा चांगलं होतं. पण ते हवेत गेलं. चौथ्या का पाचव्या रविवारी पल्लवी म्हणाली, "निख्या, ते सून अन् शेवंताबाईचं परत वाच ना वं..." अन् मैत्रिणीले म्हणायचं 'वं' मले लागलं म्हणून स्वतःच हसली, "परत वाच ना गा." मी मागची पानं चाळायचं नाटक केलं अन् जमेल तसं बोललो. ती म्हणे, "असं नव्हतं. ती पिठात पडते ना?" मी म्हटलं, "ते काढलं. सुधारलं." पल्लवीचं तोंड उतरलं. मावशी ताटं उचलून राहिली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फ्रिजकडे पाहिलं, अन् ताटं घेऊन आत गेली. त्या दिवशी फोनवर ती बाबांसोबत पावसापाण्याचंच बोलली. मले वाटलं, बरं झालं, विसरली. सलाइन किती थेंबांनी चालू आहे हे दारातून सांगणारी बाई विसरेल, असं मले वाटलं, यावरून माझी अक्कल समजून घ्या.

डिसेंबरात बाबांले कानाच्या डॉक्टरले दाखवायचं म्हणून मावशीनं धंतोलीत नंबर लावला. शनिवारी ते आले. अर्धं पोतं गव्हाचं पीठ, आईनं दिलेल्या कुरोड्या, अन् नवा कडक पांढरा सदरा. डॉक्टरनं कान तपासून मशीन लावायले सांगतलं, मशीन यायले पंधरा दिवस. म्हणजे रविवारच्या जेवणाले बाबा माझ्यासमोर बसलेले, अन् त्यांले माझं जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचे, नसलेल्या देवाचेही, आभार मानले. जेवणं झाली. मी वही उघडून घसा खाकरला. बाबांनी हात वर केला.

"मले काही ऐकू येत नाही, निखिल," ते म्हणाले. "तू कशाले तोंड दुखवते? वही दे इकडे. मीच वाचतो." अन् सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची डबी काढली. "तुझी मावशी म्हणे, चष्मा नक्की आणा."

मी मावशीकडे पाहिलं. ती बडीशेप निवडत होती. बडीशेपेत निवडायचं काय असते?

वही द्यावी लागली. आवाजाच्या जोरावर मी साऱ्या दुनियेले फिरवलं होतं, अन् माझा बाप नेमका त्या आवाजाच्या पलीकडे बसला होता. त्यांनी मांडीवर वही ठेवली अन् आधी सगळी पानं पालथी घातली, बोट जिभेले लावून, एक एक, माणूस पोत्यातलं धान्य पारखते तसं. सात पानं शाईची, मग कोरं, कोरं, कोरं, शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत. पल्लवीनं तोंडावर हात ठेवला. बाबा परत पहिल्या पानावर आले अन् वाचू लागले, ओठ हलवत, हळूहळू. मग एकदम त्यांचं पोट हललं. हसून राहिले होते. "हे तं शेवंताबाईचं आहे! बोलणं बरोब्बर तिचंच धरलं गा तू." सातवं पान संपलं. त्यांनी आठवं उलटलं, कोऱ्या कागदावरून हात फिरवला, अन् चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मग? पुढं काय झालं तिचं?"

वही कोरी काहून, असं विचारलं असतं तं माझ्याजवळ चार बहाणे तयार होते. हे विचारलं त्याले एकही नव्हता. पुढं काय झालं ते मी स्वतः पाच रविवारांआधी याच जागेवर बसून सांगतलं होतं, सगळे लोळले होते, अन् आता मलेच आठवत नव्हतं. बाबांसाठी तं ते कधी झालंच नव्हतं.

माझी बोलायची सवय अशी का गोड शेवटी ठेवत नाही, मधीच वाढून टाकतो. म्हणून सांगतो: तासाभराचं लिहून झालं. संक्रांत गेली, होळी गेली, उन्हाळा लागला तेव्हा झालं, बाबांनी मुदत वाढवून दिली, देशकर सरांनी वही चाळून संध्याकाळ दिली. मावशी पहिल्या रांगेत बसली होती, अन् कानात मशीन लावून बाबा तिच्या शेजारी. पण हे सगळं त्या दुपारनंतरचं. त्या दुपारी तं मावशीनं बडीशेपेची वाटी खाली ठेवली, फ्रिजवरून चार्ट ओढून काढला, अन् उभी राहिली. बाबांले ऐकू जावं म्हणून पूर्ण आवाजात. खिडक्या उघड्याच होत्या.

"सही करते! खाली सही करते हा, लपेटेदार! अबे पोट्ट्या, माझ्या वॉर्डात नव्या पोरी येतात, त्याइले मी पहिल्या दिवशी एकच सांगते: चुकलं तं चुकलं लिहा, राहिलं तं राहिलं लिहा, पण न मोजता आकडा टाकाल तं वॉर्डात पाय ठेवू नका. डॉक्टर पेशंटकडे पाहत नाही गा, चार्टकडे पाहते! चार्ट खोटा असला तं पेशंट मरते अन् कागद ठणठणीत राहते! भाऊजी, ऐकू येऊन राहिलं ना?"

"हौ, येऊन राहिलं," बाबा म्हणाले. "बोल, बोल."

"तुले काय वाटलं, मले समजत नाही? हा कागद गॅसजवळ काहून लावला मी? रोज फोडणी उडते याच्यावर! सोमवारचं सोमवारी लिहिलं असतं तं तेल अक्षरावर पडलं असतं. तुझं तं अक्षर तेलावर पडलं आहे! हे पाह्य, थेंबावर पेन घसरला, 'तीन' तुटला, पुन्हा गिरवला. सहाही दिवस एकाच दमात, एकाच पेनानं. आधी मी तुझ्या सोंगात भुलली. कळलं तवापासून भाऊजीले आकडा सांगतला काय एकदाही? विचार! माझी जीभ उचलली नाही. अन् त्याआधीचं जे ओरडून सांगतलं, ते खालचे लोक मले जिन्यात विचारतात, पुस्तक कधी येते म्हणून. काय सांगू त्याइले, आमच्या पोट्ट्याचं पुस्तक फक्त तोंडात आहे? तो फोटो पाह्य. चाळिशीत शिकले माझे बाबा. चार अक्षरं लिहायले त्याइले पाच मिनिटं लागत, घाम येये, पण जिथं सही केली तिथं माणूस उभा राहे. अन् तू! शून्य लिहायची लाज वाटली तुले? शून्यानं कोणी मरत नाही. शून्य पाहिलं असतं तं मी विचारलं असतं, काय दुखते गा तुले, काय अडलं. अठरा लिहिल्यावर काय विचारू? तुले आवाज भेटले साऱ्या दुनियेचे, अन् उद्या कोणी विचारलं पुढं काय झालं तं तू... हसून काय राहिला? खाली काय पाहून राहिला? काय करून राहिला तिथं?"

मी आठव्या पानावर लिहून राहिलो होतो.

"माझं बोलणं लिहून राहिला? दाखव. चष्मा द्या भाऊजी तुमचा. हं... हं. 'तेल अक्षरावर'... हे बरोबर आहे. हे मी असं नाही म्हटलं. हं. अन् संपलं? संपलं एवढ्यात? अरे, अर्धा तास घसा फोडला मी तुझ्यावर, साऱ्या बिल्डिंगले ऐकू गेलं, अन् बाहेर आलं पाऊण पान? बाकीचं कुठं मुरलं? बस खाली! बाकीचं काढ!"